अक्काच्या वहीतलं माझं माप

सुधाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. बसवनगुडीच्या आमच्या विमा कचेरीत फोन एकच, तोही साहेबांच्या टेबलावर, आणि जेवणाच्या सुट्टीत कुणा बाईचा फोन आला की साहेबांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या दिवशी ते स्वतः उठून माझ्यापाशी आले आणि म्हणाले, हुबळीहून आहे, जरा बसून घ्या. तेवढ्यावरच मी काय ते समजले. सुधा रडत नव्हती. "मावशी, आई पहाटे गेली. झोपेतच गेली," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हटलं. कुणी गेल्याचं कळल्यावर बरं म्हणतं का कुणी? पण तोंडातून तेच निघालं. फोन ठेवला, जागेवर आले आणि डब्याचं झाकण परत लावून टाकलं. त्या झाकणावर आमच्या गल्लीतल्या मंडळाचं नाव आहे आणि खाली 'रक्तदान शिबिर' असं कोरलेलं आहे. असले सहा डबे माझ्या घरात आहेत. ते माझ्याकडेच का उरले हे सांगायचं तर आधी वेणूअक्का सांगायला हवी…

वेणूअक्का चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवायची. तिच्या घराण्याला बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि कुणाला न कळणारी तिसरीच एक भाषा कात्री चालवताना तोंडातल्या तोंडात. तिची मराठी ती कन्नड अक्षरांत लिहायची. मी निपाणीची, लग्न होऊन इथं आलेली. पहिला ब्लाउज शिवायला टाकला तेव्हा मी तिच्या मराठीला हसले होते, आणि तिनं तोंडातली टाचणी काढून शांतपणे मला म्हटलं होतं की तुझी निपाणीची मराठी ऐकून पुण्याची माणसं काय करत असतील ते बघ आधी. तेव्हापासून आमचं जमलं. तिचे यजमान लवकर गेले, लेक सुधा लग्न होऊन हुबळीला गेली. मग संध्याकाळी बसमधून उतरले की घरी जायच्या आधी तिच्या उंबऱ्यावर दहा मिनिटं टेकायचं ही माझी सवयच झाली. घरी उशीर झाला की यांनी विचारायचं, अक्काकडे काय आज सभा होती का.

रक्तदानाचं खूळ तिचंच. सुधाच्या जन्माच्या वेळी अक्काला रक्त कमी पडलं. यजमान बाजारपेठेच्या रस्त्यावर धावत सुटले आणि ओळख ना पाळख अशी तीन माणसं हाताला धरून घेऊन आले. त्यांतला एक हमाल, एक बस कंडक्टर. तिसरा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. दुसऱ्या दिवशी यजमान नारळ आणि टॉवेल घेऊन आभार मानायला गेले, तर हमालानं घेतलं, कंडक्टरनं नको म्हटलं, आणि तिसरा सापडलाच नाही. पण अक्कानं त्याला पडल्यापडल्या पडद्याच्या फटीतून जाताना बघितलं होतं. हात कोपरात दुमडलेला, कापूस खाली पडलेला, आणि पांढऱ्या शर्टाच्या बाहीला लाल डाग. "घरी जाऊन बायकोनं विचारलं असेल की गं, हा डाग कसला," असं ती मला म्हणायची. शिवणकाम करणारी बाई ती, तिला बाहीच दिसायची. इतक्या वर्षांनी मंडळात शिबिर घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं एकच काम मागून घेतलं. रक्त दिल्यावर कोपराच्या खोबणीत कापूस ठेवतात, त्यावर बांधायला ती पट्टी शिवणार. ब्लाउजमधून उरलेल्या तुकड्यांची, दोन बोटं रुंद, आत मऊ मलमल, टोकांना नाड्या. बाहीला डाग लागायला नको.

पण खरी गंमत पट्टीत नव्हती, मापात होती. शिबिराच्या महिनाभर आधी अक्का गळ्यात टेप आणि बगलेत वही घेऊन निघायची. कुणाच्या दुकानात, कुणाच्या परसात, कुणाच्या ऑफिसच्या फाटकाशी. रक्त द्या असं ती म्हणायची नाही. "हात पुढे कर, माप घ्यायचंय," एवढंच. कोपराभोवती टेप फिरवायची, वहीत नाव आणि आकडा लिहायची, कापड कुठलं हवं ते विचारायची आणि चालू लागायची. एकदा अक्कानं माप घेतलं की माणूस अडकला. आपल्या हातासाठी कुणीतरी मशीनवर बसलंय म्हटल्यावर घरी कसं बसून राहणार? बाजारपेठेत भांड्यांचं दुकान असलेले केशवअण्णा तर दर वर्षी हटकून हिरवं कापड मागायचे. शिबिराच्या रविवारी दुपारी आमच्या रस्त्यानं लाल, पिवळ्या, बुट्ट्यांच्या, जरीच्या पट्ट्या बांधलेली माणसं हिंडायची. संध्याकाळपर्यंत कुणी सोडायचं नाही. हॉटेलात, बसथांब्यावर लोक विचारायचे, हे काय बांधलंय, आणि सांगताना त्यांची छाती दोन इंच पुढे यायची.

डॉक्टर परत पाठवतील त्यांनाही ती पट्टी बांधायची. सुई टोचायच्या आधी बोटातून रक्ताचा थेंब काढून निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडतात. थेंब बुडाला तर रक्त चांगलं, तरंगत राहिला तर रक्त कमी. आमच्या बायकांचे थेंब बहुतेक तरंगायचे. घरात सगळ्यांचं जेवून झाल्यावर उरलंसुरलं खाणाऱ्या बाया आम्ही, आमचे थेंब कशाला बुडतील. एकेक जण ओशाळून परत निघायची, की अक्का तिला खुर्चीवर बसवून कोरड्या हातावर पट्टी बांधायची. मी एकदा तिला टोकलं की या बायकांनी काही दिलेलं नाही, त्यांना कशाला. तर म्हणाली, "हात पुढे केला होता की तिनं." तिचा स्वतःचाही थेंब तरंगायचा. दर वर्षी सकाळी पहिला नंबर तिचा. पालक खाऊन, खजूर खाऊन, बीटचा रस पिऊन यायची, बाटलीत डोळे घालून बघायची, आणि थेंब निळ्या पाण्यात वरच्यावर हलत राहायचा. मग "सरी", म्हणजे बरं, म्हणून उठायची, पदर खोचायची आणि दिवसभर दुसऱ्यांचे हात बांधायची. साठी उलटल्यावर डॉक्टर म्हणाले, आता वयही बसत नाही. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ नळाशी उभी राहून तोंड धूत होती.

आणि आता माझं सांगते. मंडळाची चिटणीस मी. फॉर्म माझ्याकडे, खाटा, कॉफी, बिस्किटं, रक्तपेढीच्या गाडीशी बोलणं, सगळं माझ्याकडे. माझं वजन भरपूर, वय बसतं, तब्येत ठणठणीत. अक्का असताना आठ शिबिरं झाली आणि आठांतल्या एकातही मी रक्त दिलं नाही. मला सुईची भीती वाटते. नुसती नाही, हातपाय गार पडतात. हे मी कुणाला कधी सांगितलं नाही. टेबल सोडून कसं जाऊ, कुणीतरी उभं राहायला हवं, काल अंगात कणकण होती, अशी कारणं मला पाठ होती. दुसऱ्यांना मात्र मी माईकवरून सांगायची की मुंगी चावल्याएवढंच दुखतं. अक्का ऐकायची आणि माझ्याकडे बघायचीही नाही. पण दर वर्षी सगळ्यांची मापं घेऊन झाली की शेवटी माझ्या दारात यायची. "हात पुढे कर." मी म्हणायची, अक्का, माझं कशाला, मी काय देणाराय का. ती म्हणायची, "माप घ्यायला काय जातं?" मला वाटायचं, चेष्टा करते. मीही चेष्टेनं हात पुढे करायची.

चौथ्या वर्षी मला शहाणपण सुचलं. रक्त देणारे तेच तेच, आकडा वाढत नव्हता, आणि दुसऱ्या एका मंडळात भेटवस्तू देतात म्हणून रांग लागते असं माझ्या कानावर आलं होतं. मी एका व्यापाऱ्याला गाठलं आणि त्याच्या पैशानं स्टीलचे डबे मिळवले. आपल्याकडे भांडं म्हटलं की नाव घातल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी प्रत्येक झाकणावर मंडळाचं नाव आणि 'रक्तदान शिबिर' कोरून घेतलं. सभेत अक्कानं विचारलं, मग पट्ट्या? मी चारचौघांत म्हटलं, "अक्का, चिंध्यांवर किती दिवस काढायचे?" लोक हसले. अक्काही हसली. "सरी," म्हणाली आणि वही बगलेत घेऊन निघून गेली. तो शब्द अजून माझ्या कानात आहे. मी काही तोंडाची गोड बाई नाही, पुष्कळांना पुष्कळ बोलले असेन, पण एवढं एक वाक्य मला परत घेता आलं असतं तर…

त्या वर्षी रांग रस्त्यापर्यंत गेली. मी फुशारले. दुपारपर्यंत फुगा फुटला. एकजण महिन्याभरापूर्वीची कावीळ लपवून खाटेवर जाऊन झोपला होता, तो डॉक्टरांनी डोळे बघून उठवला. तर तो म्हणतो, रक्त घेऊ नका पण डबा द्या, सकाळपासून उभा आहे. ज्या बायकांचे थेंब तरंगले त्यांना माझ्या नियमानं डबा नव्हता. त्या मान खाली घालून गेल्या आणि पुन्हा कधी आल्या नाहीत. केशवअण्णांनी रक्त दिलं, डबा हातात घेतला, उलटा करून बघितला आणि टेबलावर परत ठेवला. म्हणाले, "अम्मा, हा माझ्याच दुकानातला. माझी हिरवी पट्टी कुठाय?" त्याहून मोठी फजिती पुढच्या आठवड्यात. ज्या घरी डबे गेले तिथल्या बायका म्हणायला लागल्या की झाकणावर 'रक्त' लिहिलेल्या डब्यात साखर कोण ठेवील, लोणचं कोण ठेवील? कुणी खिळे ठेवले, कुणी मोलकरणीला दिले, कुणी निमूटपणे माझ्या दारात आणून ठेवले. ते सहा डबे मी वापरते. शिक्षा म्हणूनच वापरते म्हणा.

पुढच्या वर्षी व्यापाऱ्यानं अंग काढून घेतलं. लोक विचारत होते, या वेळेला काय आहे? काही नाही म्हटलं की बरं, बघू, म्हणायचे. रविवारी गाडी आली, खाटा मांडल्या, कॉफीचं पिंप भरलं. दुपारपर्यंत नर्स स्वेटर विणत बसली होती. जुनी माणसंही आली नाहीत. एकदा त्यांच्या हातात डबा ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं ना, आता पुन्हा नुसतं या म्हणायला तोंड कुठं होतं माझ्याकडे. डॉक्टर वेळेआधीच आवरून गेले. मी हॉलच्या पायरीवर बसले. अक्का येऊन शेजारी बसली. मला वाटलं, आता रागावेल, आणि रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "शालू, डबा कुणालाही चालतो. पट्टी ज्याची त्यालाच बसते." एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता. मी तेव्हाच तिची माफी मागायला हवी होती. मी म्हटलं काय, तर कॉफी वाया गेली.

त्यानंतर ती पुन्हा टेप घेऊन निघाली. आता गुडघे दुखत होते, दोन घरं झाली की कुणाच्या तरी ओट्यावर बसायची. मी तिच्या मागून वही धरून जायची. सगळे परत आले असं मी लिहिणार नाही. बरेच आले नाहीत. पण केशवअण्णा आले, आणि त्यांनी भर दुकानात गिऱ्हाइकांसमोर बाही वर करून हात पुढे केला. हळूहळू माणसं जमत गेली. एका घरी माप घेताना मी बघत होते. अक्का टेप ओढून घट्ट करायची नाही. एक बोट आत घालून बघायची, रक्त वाहायला जागा आहे ना म्हणून. ते बोट माझ्याही कोपरावर दर वर्षी फिरलेलं होतं. सुई टोचटोचून खरखरीत झालेलं, गार बोट.

नोव्हेंबरात ती दोन महिने सुधाकडे राहायला निघाली. मेजेस्टिकच्या बसस्टँडवर मी सोडायला गेले होते. पिशवी, पाण्याची बाटली, मोसंबी, सगळं खिडकीतून आत दिलं. बस सुटायला अवकाश होता. तिनं पिशवीतून टेप काढला आणि खिडकीतूनच म्हणाली, हात पुढे कर. मी म्हटलं, अक्का, इथं? लोक बघतायत. जानेवारीत येणारच आहात, तेव्हा घ्या. ती म्हणाली, "तेव्हाचं तेव्हा. स्वल्प वर कर हात." मी खिडकीच्या गजांतून हात आत घातला. तिनं माप घेतलं, बोट घालून बघितलं, आणि मग टेप गुंडाळता गुंडाळता पहिल्यांदाच विचारलं, "भीती वाटते काय गं?" इतक्या वर्षांत नवऱ्याला कळलं नव्हतं ते… मी मानेनंच हो म्हटलं. ती म्हणाली, "मला पण मशीनची वाटायची. पहिल्यांदा बोटात सुई गेली तेव्हा." पुढे काही म्हणणार होती, पण कंडक्टरनं शिट्टी दिली. बस वळेपर्यंत तिचा हात खिडकीबाहेर होता. नंतर तिला बघितलं नाही.

हुबळीहून सुधा जानेवारीच्या शेवटी घर रिकामं करायला आली. मशीन शेजारच्या पोरीला दिलं, कात्री स्वतःकडे ठेवली. मला हाक मारून तिनं वही आणि एक पुरचुंडी हातात दिली. म्हणाली, मशीनच्या खणात होती, मावशी, तुमचं नाव आहे. मी सोडून बघितलं. पट्ट्या होत्या. आठ. कन्नड अक्षरांत प्रत्येकीवर बारीक चिठ्ठी टाचलेली, शालू, आणि साल. कापडं सगळी माझ्याच ब्लाउजांची. धाकट्या बहिणीच्या लग्नातलं वांगी कापड, पहिल्या बढतीच्या वेळचं मोरपंखी, दोनदा उसवून सैल केलेला तो पिवळा… प्रत्येक वर्षी पट्टी थोडी लांब, माझा हात जाड होत गेला तशी. ज्या वर्षी मी पट्ट्या बंद केल्या, चिंध्या म्हटलं, त्या वर्षीचीसुद्धा होती. ती आणि तिच्या पुढच्या वर्षीची, दोन्ही माप न घेताच अंदाजानं शिवलेल्या. म्हणजे दर शिबिराच्या दिवशी ती माझी पट्टी पदरात बांधून आणायची, दिवसभर वाट बघायची, आणि संध्याकाळी खणात ठेवून द्यायची. एक अक्षर न बोलता. सुधानं स्वतःच्या पर्समधून नववी काढून दिली. हुबळीला मशीन नव्हतं, म्हणून ती हातशिलाईची होती. टाके वाकडेतिकडे, म्हाताऱ्या डोळ्यांचे. मी तिथंच एका पेटाऱ्यावर बसून रडले. सुधा माझी समजूत घालत होती, आई तिची गेली आणि समजूत माझी.

परवाच्या रविवारी शिबिर झालं. लोक आले, बरेचसे अक्काच्या नावानं आले, आणि पट्ट्या कुठं आहेत असं कुणी विचारलं नाही. ते न विचारणंच मला जड गेलं. सकाळी पहिला नंबर मी लावला. नर्सनं बोटाला टोचलं तेव्हा मी डोळे मिटले होते. उघडले तर थेंब निळ्या पाण्यातून सरळ खाली जात होता, दगडासारखा. अक्काच्या थेंबाला मी वर्षानुवर्षं वर तरंगताना बघितलं होतं. तिला द्यायचं होतं आणि देता येत नव्हतं, माझ्याकडे होतं आणि मी माईक धरून उभी होते. खाटेवर पडले तेव्हा हातपाय गार पडले, दात वाजत होते. नर्स म्हणाली, भय बेडा अम्मा, भिऊ नका. मी भीत होते तशीच भीत राहिले, आणि पिशवी भरत गेली. दुखलं. मुंगी चावल्याएवढं अजिबात नाही, चांगलंच दुखलं.

उठून बसले, पर्समधून ती नववी पट्टी काढली आणि मग लक्षात आलं की एका हातानं गाठ मारता येत नाही. दातांत नाडी धरून बघितलं, जमेना. इतकी वर्षं ही गाठ अक्काच मारायची, त्यामुळे हा प्रश्न कधी कुणाला पडलाच नव्हता. शेवटी नर्सनं बांधून दिली. तिच्या मागे रांग होती, तिनं घाईत बांधली. पट्टी बरोबर बसली होती, एक बोट जाईल एवढी जागा ठेवून. पण गाठ सैल होती. दुपारी केशवअण्णांनी माझा हात बघितला आणि मान हलवली.

संध्याकाळपर्यंत सोडायची नाही असा अक्काचा नियम. आज चौथा दिवस आहे. आंघोळीला भिजते, ऑफिसला जाईस्तोवर वाळते. साहेबांनी विचारलं, यांनी विचारलं. लिहिताना ती घसरून मनगटापर्यंत येते. मी हात थांबवते, ती परत कोपरापर्यंत वर सरकवते, आणि पुढची ओळ लिहिते.